दांड्याचे वजन

आमच्या खोऱ्यात एल, म्हणजे पिंपात मुरणारी बिअर, चांगली उतरली आहे की नाही, हे लायनेल बेडोज सांगायचा आणि बाकीचे ते मानायचे. या कामावर त्याला कोणी नेमले नव्हते. पोटासाठी तो जन्मभर कुंपणे विणत आला. काटेरी झाडे बुंध्याशी अर्धी कापायची, आडवी वाकवायची आणि खुंटांमध्ये गुंफायची, म्हणजे मेंढरे पलीकडे जात नाहीत. इथल्या टेकड्यांवर हे काम अजून हातानेच होते. संध्याकाळी मात्र तो बावीस वर्षे 'वुलपॅक' या आमच्या पबच्या काउंटरमागे उभा राहिला. तळघरातली पिंपे त्याच्याच ताब्यात असत. आताचा मालक रसेल गिटिन्स याला पिंप कसे निजवायचे, गाळ खाली बसायला किती दिवस द्यायचे, हे सगळे लायनेलनेच शिकवले. दांडा ओढायलाही त्यानेच शिकवले.

दांडा म्हणजे काउंटरवरच्या हातपंपाचा. तो ओढल्याशिवाय तळघरातली एल वर येत नाही. एका ग्लासाला तीन ओढी लागतात आणि प्रत्येक ओढीला हाताला वजन लागते. "मनगटानं ओढशील तर नुसता फेस येईल," लायनेल रसेलला सांगायचा. "डावा पाय मागं घे आणि खांदा लाव."

मी या खोऱ्यात बत्तीस वर्षे आहे. पशुखाद्याच्या वखारीचे कार्यालय सांभाळतो आणि एलप्रेमींच्या आमच्या लहानशा मंडळाचा सचिव आहे. मंडळ दरवर्षी हातपंपाची चांगली एल देणाऱ्या पबांची यादी काढते. यादीतल्या पबच्या दाराला पितळी पाटी लागते. ती पाहून शनिवार-रविवारी टेकड्या तुडवून आलेली माणसे आत शिरतात. वुलपॅकमधले भाजलेले मेंढीचे मटण आणि सोबतची पुदिन्याची चटणी उत्तम असते, मागच्या बाकावरून सात टेकड्या दिसतात, पण पाटी लागली होती ती एलमुळे. सभासद चिठ्ठीवर गुण लिहून माझ्याकडे देतात. कितीही चिठ्ठ्या आल्या तरी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, लायनेलने काय लिहिले आहे?

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात लायनेलला ताप आला. ताप उतरला, पण त्याची चव आणि वास दोन्ही गेले. डॉक्टर म्हणाले, कधी परत येते, कधी येत नाही. ही गोष्ट त्याने एकट्या रसेलला सांगितली, पबमागच्या त्या बाकावर. त्यांचे ते बोलणे मला पुढे लायनेलकडूनच कळले.

"काही लागत नाही रे. कच्चा कांदा खाल्ला तरी पाणी."

"आणखी कुणाला बोललायस?"

"कुणाला बोलू? मग मला कोण काय विचारणार?"

रसेल म्हणाला, "म्हाताऱ्या, डोळे आहेत ना? ग्लास उजेडात धर, रंग बघ, फेस बघ. चवीचं मी सांगत जाईन. तू शिकवलेला माणूस आहे मी."

लायनेलला बरे वाटले. त्याने गुडघ्याचे निमित्त करून इतर पबांत जाणे बंद केले. वुलपॅकची चिठ्ठी मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहिली, नेहमीच्याच ठसठशीत अक्षरात.

या फेब्रुवारीतली एक दुपार मला आठवते. आयरिस प्यू दर गुरुवारी वुलपॅकला जेवायला येते. चाळीस वर्षे तिने या खोऱ्यात बाळंतपणे केली, स्पष्ट बोलण्याची तिला सवय आहे. पहिल्याच घोटाला तिने ग्लास खाली ठेवला.

"रसेल, ही थंडगार आहे, एल अशी नसते. आणि पातळ."

रसेलने लायनेलकडे पाहिले. लायनेलने आपला ग्लास खिडकीशी धरला. एल काचेसारखी स्वच्छ होती. "आयरिस," तो म्हणाला, "तुझी जीभ म्हणजे बुटाचा तळवा झालाय. इतकी वर्षं उकळता चहा ओतलास तिच्यावर."

सगळे हसले. आयरिसही हसली आणि तिने तो ग्लास संपवला. मलाही एल पातळ वाटली होती, पण लायनेल बोलल्यावर मी गप्प बसलो. काउंटरमागे रसेल हसत हसत पुढचा ग्लास भरत होता, डावा पाय मागे घेऊन, खांदा लावून.

मे महिन्यातल्या एका शनिवारी भर दुपारी वुलपॅकमध्ये उभे राहायलाही जागा नव्हती. स्वयंपाकघरात काही सांडले म्हणून रसेल आत धावला होता. काउंटरपुढे एक बाई रिकामा ग्लास घेऊन ताटकळत होत्या. लायनेल आपणहून उठला, जुन्या सवयीने काउंटरमागे गेला आणि ग्लास नळीखाली धरून त्याने दांड्याला हात घातला. पाय मागे, खांदा पुढे. त्याने जोर लावला आणि दांडा काही वजनच नसल्यासारखा हातात आला. लायनेलचे कोपर मागच्या फळीवर आदळले, बाटल्या हलल्या.

"मोडला का हो?" बाईंनी विचारले.

"नाही," लायनेल म्हणाला. "चालू आहे."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. लायनेलने दांडा पुन्हा वर केला, त्याला फक्त एक बोट लावले आणि ओढला. ग्लास एका दमात काठोकाठ भरला. त्या दांड्याचा तळघरातल्या पिंपाशी संबंध उरला नव्हता, ती नुसती कळ होती. खाली गॅसने ढकललेली कारखान्यातली बिअर होती. ती निवळू द्यावी लागत नाही, तिची काळजी घ्यावी लागत नाही. रसेल दारात येऊन उभा राहिला, तेव्हा लायनेलचे बोट अजून दांड्यावर होते.

दोघे मागच्या बाकावर गेले. मीही गेलो, कारण लायनेलने माझी बाही धरली होती.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"जानेवारी." रसेल उभाच होता. "हिवाळ्यात चार माणसं येतात, लायनेल. दर आठवड्याला अर्धं पिंप मोरीत ओतत होतो. दांडा काढला असता तर पाटी गेली असती."

"मला का नाही बोललास?"

"बोललो असतो तर चिठ्ठी लिहिली असतीस?"

"नाही."

"मग?"

लायनेल टेकड्यांकडे पाहत होता. "बिअरचं सोड. दांड्याला वजन नाही, आणि तू चार महिने माझ्यासमोर खांदा लावतोयस. दात आवळतोयस. ते कशाला?"

रसेलने खांदे उडवले. "तू समोरच बसायचास ना. बघत असायचास."

लायनेल उठायला लागला, तसा रसेल आडवा आला. "मंडळात सांगणार असशील तर सांग," तो म्हणाला. "पण कसं कळलं नाही ते विचारतील. तुझंही बाहेर येईल. मी तुझं झाकलं, तू माझं झाक. कुणाचं काय बिघडलं यात?"

मी बाजूलाच होतो, पण रसेलने लायनेलचे काय झाकले ते मला कळले नाही. रसेल आत गेल्यावर लायनेलने तापापासूनची सगळी हकीकत सांगितली. दीड वर्ष आपल्याला मित्राने सांभाळून घेतले, असे तो धरून चालला होता.

मंगळवारी गावच्या सभागृहात मंडळाची बैठक होती. सुरू होण्याआधी मी त्याला म्हटले, "दांड्याचं तेवढं सांग. बाकीचं सांगायची गरज नाही."

"आणि आयरिसला मी काय म्हणालो होतो, त्याचं?"

त्याने टोपी हातात घेतली आणि उभ्याने सांगितले. दांड्याचे सांगितले, मग स्वतःचे. "गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरपासून मला कशाची चव लागत नाही. तेव्हापासूनच्या माझ्या चिठ्ठ्या मला परत द्या. त्या खोट्या आहेत." चिठ्ठ्या माझ्याकडे महिन्यांप्रमाणे लावलेल्या होत्या. मी अठरा मोजून त्याच्या हातात दिल्या.

मग आयरिस म्हणाली, "त्या गुरुवारी घरी जाऊन मी मीठ चाखलं, लायनेल. मग साखर, मग व्हिनेगर. वाटलं माझंच काहीतरी गेलं. वय झालं. डॉक्टरची वेळ घेतली मी."

"हो," लायनेल म्हणाला.

"रसेलनं फसवलं ते रसेलचं. मी रसेलला नव्हतं मानलं. तुला मानलं होतं."

"हो."

तिने कोट घातला आणि बैठक संपायच्या आत निघून गेली. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलते, पण हवापाण्याइतकेच.

वुलपॅकची पाटी जूनमध्ये उतरली. लायनेल पुन्हा तिथे गेला नाही आणि एलबद्दल त्याला आता कोणी काही विचारत नाही. दारावर पाटीच्या जागी फिकट चौकोन राहिला आहे. पण मटण पूर्वीसारखेच आहे, टेकड्या जागच्या जागी आहेत, आणि लांबून येणाऱ्यांना तेवढे पुरते.

परवा, ऑक्टोबरात, मी तिथे जेवून परत येत होतो. वळणावर लायनेल कुंपण वाकवत होता. वय चौऱ्याहत्तर, तरी हात सफाईने चालतो. मला पाहून त्याने कोयता खाली ठेवला.

"वुलपॅकला होतास?"

"हो."

"मटण?"

"चांगलं होतं."

त्याने हातमोज्यातला एक काटा उपसून काढला. "अजून खांदा लावतो?"

मी खरे ते सांगितले. "लावतो. बाहेरची माणसं फोटो काढतात."

"डावा पाय मागं घेऊन?"

"हो."

"ते मी शिकवलं होतं," लायनेल म्हणाला, आणि कोयता उचलून पुन्हा कुंपणाकडे वळला.