जुनी कॅसेट, नवा वाघ

माझ्या माहेरी, मूलजवळच्या आमच्या गावात, माझी म्हणावी अशी एकच वस्तू उरली होती. लग्न होऊन मी ब्रह्मपुरीला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात माझी खोली भावाची झाली, कपाट भावजयीचं झालं, आणि सायकल कोणी कधी नेली ते कोणालाच आठवत नाही. त्याची तक्रार नाही. पण पुढच्या खोलीत जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही होता आणि त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी पांघरून आमचा व्हिडिओ गेम बसलेला होता. तो माझा होता. बाबांनी चंद्रपूरहून आणला दोघा भावंडांसाठी, पण रिमोट कोणाच्या हातात असतो हे गावभर ठाऊक होतं.

पिवळी कॅसेट घालायची, बटण दाबायचं, की गेम सुरू. सुरू नाही झाला तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. कॅसेटवर नऊशे नव्याण्णव गेम लिहिले होते. खरे निघाले सात, बाकी त्यांचेच रंग बदललेले. त्यातला एक जंगलाचा होता. जंगल म्हणजे हिरवे चौकोन, वाघ म्हणजे पट्टे मारलेली चप्पल. एक टोपीवाला माणूस उजवीकडे पळायचा आणि पळतच राहायचा. तीन जीव मिळायचे आणि ते गेले की पुन्हा पहिल्यापासून. दया नाही, माया नाही.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि पाळणे, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांची पंगत. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आणखी एक कार्यक्रम असायचा, तो म्हणजे माझ्याकडून हरणं. मामा हरले, मावसभाऊ हरले, नागपूरहून आलेले फुशारकी मारणारे एक काकाही हरले. नाटक संपून लोक विसरत, पण त्या हरण्याची आठवण पुढच्या मंडईपर्यंत निघायची. मला ते सगळं फार फार आवडायचं.

यंदा मी मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी पोहोचले, तर भिंतीवर भला मोठा चपटा टीव्ही. खाली गेम खेळायचं काळं चकचकीत यंत्र, दोन निळे दिवे लावून बसलेलं. भाऊ मूलच्या राईस मिलमध्ये कामाला आहे. त्याने हप्त्या-हप्त्याने जमवून हे घेतलं होतं. आणि माझा टीव्ही, माझ्या गेमचा डबा, दोन्ही ओसरीवर, धानाच्या पोत्यांना टेकून.

"हे बाहेर काऊन आलं?" मी विचारलं.

"उद्या सकाळी भंगारवाला येऊन राह्यला, बाई," भाऊ म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "पाव्हणे झोपतीन कुठी? जागा लागते. आन् कोण खेळते तो आता?"

मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, पण वाईट वाटलं की मला आधी राग येतो. मी चहासुद्धा घेतला नाही.

"तुझ्या या यंत्रात आहे काय असं?" मी म्हटलं.

"लावूनच दाखवतो नं," असं म्हणून त्याने बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी आली आणि तिथेच थांबली. गेम अपडेट मागत होता. आमच्या गावात नेट घरात येत नाही, छतावर येतं. भावाने मोबाइल छतावरच्या पाण्याच्या टाकीवर ठेवला, खाली आला, पट्टी पाहिली, पुन्हा वर गेला. माझा जीव एवढा थंड झाला की मी चहा मागून घेतला.

"आमच्या वेळी एवढ्यात तीन राक्षस मारून झाले असते," मी म्हटलं.

मग मी सुटलेच. म्हटलं, जुन्या गेमला कस होता. हरलो तर हरलो, कोणी हात धरून चालवत नव्हतं. आता नुसती चित्रं. मधूनच माणसं उभी राहून एकमेकांशी बोलतात, आपण रिमोट मांडीवर घेऊन ऐकत बसायचं. त्यापेक्षा उद्याचं नाटक काय वाईट? भाऊ म्हणाला, "तू खेळून तं पाय. तुह्या गेममंधी डोकं कुठी लागे? उजवीकडं पळा, झालं."

भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "मंग खेळूनच ठरवा नं बाई. रोज संध्याकाळी एकाच ठिकाणी मरते हा. तुम्ही पार केलं तं तुमचा टीव्ही राहू द्या. पाव्हण्यायचं मी पायीन."

पैज ठरली. भाऊ जिथे अडकला होता ती जागा मी पार करायची. जुन्या गेमला तीन जीव, म्हणून मलाही तीनच. केली पार तर टीव्ही आणि डबा आत, नाही केली तर सकाळी भंगारात. भावाने आमच्यामध्ये पाण्याचा तांब्या ठेवून वचन दिलं. लहानपणापासून आमच्या पैजा अशाच लागतात.

दिवेलागणीच्या आधी अपडेट संपलं. पडद्यावर जंगल उघडलं आणि मी मनात म्हटलं, बापरे. तोंडाने म्हटलं नाही, एवढी मी सावध होते. बांबूची रांजी, म्हणजे दाट बेट, खाली वाळका पाला, मधून वाकडा नाला, पलीकडे उतारावर झोपड्या. पाठीवर गाठोडं घेतलेली बाई त्या झोपड्यांपर्यंत पोहोचवायची. मध्ये वाघ.

पाहुणे यायला लागले होते. मावशीचं कुटुंब हातपाय धुऊन समोरच बसलं. माय, म्हणजे आमची आई, दारात सुपात तांदूळ घेऊन बसली.

पहिल्या जीवात मी पळाले. नाल्यातून सरळ उजवीकडे. वाघाने मला झोपडी दिसायच्या आत धरलं. खोलीत हशा पिकला. दुसऱ्या जीवात मी आणखी जोरात पळाले आणि आणखी लवकर मेले. भाऊ आरामात तांब्यातलं पाणी प्याला. मला ओसरीवरचा टीव्ही दिसत होता. त्याच्या काचेत आमची सगळी खोली उलटी दिसत होती.

"आवाज कुठे आहे याचा?" मी विचारलं.

"आवाज बंदच ठेवतो. मायचं डोकं दुखते."

"आवाजाशिवाय मी कधी खेळले आहे का? पूर्ण लाव."

ही माझी जुनी खोड. आमच्या कॅसेटचं ते एकच टुणटुण गाणं मी एवढं मोठं लावायचे की आळीतली कोंबडी उठायची. भावाने मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "लाव. आज तिचा दिवस आहे."

तिसरा जीव. आवाज आला आणि खोलीत रान शिरलं. पाला वाजला. लांब कुठे तरी सुतार पक्षी टोचत होता. मी पळायला बोट ठेवलं, तेवढ्यात डावीकडून खोकल्यासारखा आवाज आला. खॉक. पुन्हा खॉक.

माझं बोट आपोआप उचललं गेलं.

लहानपणी उन्हाळ्यात पहाटे आम्ही मायबरोबर मोहफुलं वेचायला जायचो. टोपली अर्धी भरली असो की रिकामी असो, झाडावरून वांदर असं ओरडलं की मायचा हात खांद्यावर यायचा आणि आम्ही होतो तिथे उभे राहायचो. वांदर उगीच ओरडत नाही. त्याला वरून दिसतं. ते चूप झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे आम्हाला पाढ्यांच्याही आधी आलेलं.

"चाल नं बाई! काऊन थांबली?" भाऊ ओरडला.

"चूप. वांदर ओरडून राह्यलं."

खोलीतलं हसू थांबलं. कारण तिथे बसलेल्या सगळ्यांनीच ते ऐकलं होतं, आणि सगळेच मोह वेचून मोठे झालेले. मावशीने तर पाय जवळ ओढून घेतले. समोरच्या बांबूतून पट्टे सरकले. सावकाश, मान खाली घालून, नाल्याच्या वाळूत पाय टाकत वाघ गेला. चप्पल नव्हे, वाघ. खांद्याची हाडं एकाआड एक वर येत होती. गावातल्या प्रत्येकाने तो एकदा तरी तसा जाताना पाहिला आहे. मी श्वास धरून बसले होते, आणि माझ्यासारखीच ती पडद्यावरची बाईही झाडाआड बसली होती.

वांदर चूप झालं. तरी मी नाला घेतला नाही. वाघाला सोपी वाट आवडते, वाळू आवडते, हे तर आमच्याकडे बैलसुद्धा जाणतो. मी वरच्या अंगाने, टोचऱ्या दगडांवरून, माणूस सहसा जात नाही तिथून गेले. मध्ये चितळ कुकलं, म्हणजे वाघ अजून जवळच, मी पुन्हा थांबले. मागून मावशी कुजबुजली, "बस, बस, अजून नको." सगळी खोली आता माझ्याबरोबर चालत होती. उतार लागला, धूर दिसला, कुत्रं भुंकलं, आणि बाईने झोपडीच्या दारात गाठोडं उतरवलं.

असा गलका झाला की शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं घरात साप निघाला. भावजय हातात पीठ घेऊन नाचत होती. माय सूप बाजूला ठेवून विचारत होती, "जितली का? जितली का वो?" मी रिमोट वर धरून उभी होते आणि लाज न बाळगता ओरडत होते. कितीतरी वर्षांनी माहेरी मी एवढी मोठ्याने ओरडले.

भावाने स्वतः उचलून टीव्ही आत आणला. डबा पुसला, कॅसेटमध्ये फुंकर मारून माझ्या हातात दिली. बटण दाबताच टुणटुण सुरू झालं. टोपीवाला उजवीकडे पळाला, मी हिरवे चौकोन ओलांडत पुढे, आणखी पुढे. चांगलं सहाव्या टप्प्यापर्यंत आले आणि लाईन गेली.

आली तेव्हा टोपीवाला पहिल्या चौकोनापाशी उभा होता. तो तसाच, कोऱ्या चेहऱ्याने. माझ्या सगळ्या मंडयांतले सगळे विजय त्या डब्याने असेच रोज पुसून टाकले होते, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. भावाने भिंतीवरचा टीव्ही पुन्हा लावला, तर त्यात मात्र ती बाई झोपडीच्या दारात बसलेली होती. गाठोडं शेजारी, चूल पेटलेली. मी जिथे सोडलं तिथेच.

"आता माह्या खात्यावरून नको खेळू," भाऊ म्हणाला. "थांब, तुह्यं वेगळं करून देतो." मी जिथवर पोहोचले होते ते सगळं त्याने गेममधल्या नव्या खात्यात घेतलं आणि नावाच्या जागी टाइप केलं, बाई.

मी त्याला सांगितलं नाही, पण त्याचं खरं होतं. ज्या गेममध्ये मायने शिकवलेलं उपयोगी पडतं तो नुसत्या चित्रांचा गेम नव्हे. पैज मी जिंकले होते आणि वाद हरले होते, आणि दोन्हींचा मला सारखाच आनंद झाला. सकाळी भंगारवाला आला तेव्हा मीच म्हटलं, टीव्ही घेऊन जा. डबा आणि कॅसेट पिशवीत घातली, ती कोणाला देणार नाही. मंडई झाली, नाटक झालं, मी ब्रह्मपुरीला परतले.

आठवडाभरात भावाचा फोन. "बाई, येतं का वो? समोर नदी आली. आता आवाजबी लावतो, तरी मरूनच राह्यलो."

"मंडईला तर येऊन गेले. आता काय निमित्त सांगू?"

पलीकडे ओढाताण झाली आणि फोन मायच्या हातात गेला. "निमित्त कायले पायजे?" ती म्हणाली. "हा तुह्या खात्यावर खेळू का म्हणे. म्या हातच लावू देल्ला नाई. तुही बाई जशी बसून होती तशीच बसून आहे. ये तू."

मी नवऱ्याला म्हटलं, शनिवारी माहेरी जाते, नदी ओलांडायची आहे.