लोहाराचा कुत्रा आणि आमच्या गल्लीची भिंत

गुरुवार उजाडला की मला धास्ती वाटायची. बेलफास्टमधल्या आमच्या लायब्ररीत त्या दिवशी दोन शाळांची मुलं एकत्र गोष्ट ऐकायला येत, एक शाळा कॅथलिक, एक प्रोटेस्टंट, आणि दोन्ही वस्त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. गोष्ट सांगणारी मी. लायब्ररियन बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही कुठल्याच बाजूच्या नाही, म्हणून तुम्हीच बऱ्या." ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, खोटं कशाला बोलू?

भीती घरचीच होती. माझी नऊ वर्षांची मुलगी प्रोटेस्टंट शाळेत जायची, कारण ती शाळा जवळ होती, एवढंच. वर्षभरात तिला एकच मैत्रीण मिळाली, तीही या तासात, पलीकडच्या कॅथलिक शाळेतली. तास बंद पडला तर पोर पुन्हा एकटी.

त्या आठवड्यात मी दोन्हीकडच्यांना आपली वाटणारी जुनी आयरिश गोष्ट निवडली. एका कोवळ्या वीराच्या हातून लोहाराचा राखणदार कुत्रा मरतो. लोहार रडतो. तेव्हा वीर म्हणतो, दुसरं पिल्लू मोठं होईपर्यंत तुझ्या दाराशी मीच राखण करीन. तेव्हापासून त्याचं नावच 'लोहाराचा कुत्रा' पडतं.

हौसेला मोल नाही. आमच्या गल्लीच्या भिंतीवर याच वीराचं झकास चित्र होतं. मी त्याचा फोटो काढला, त्याच्या शेजारी रंगवलेले, प्रोटेस्टंट टोळीचे तोंड झाकलेले बंदूकवाले कापून टाकले आणि रंगीत प्रिंट फळ्याला लावली. कोपऱ्यात त्यांच्या झेंड्याची बोटभर किनार राहिली होती. मला ती दिसली नाही. मुलांना आधी तीच दिसली.

"हा आमचा आहे," प्रोटेस्टंट मुलांच्या पुढच्या रांगेतून आवाज आला.

"चोर! आमचा आहे. आमच्या भिंतीवर पण आहे," मागच्या कॅथलिक मुलांतून उत्तर.

खुर्च्या सरकल्या. हा सूर माझ्या ओळखीचा होता. आमच्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात, आणि मध्ये पडणारा दोन्हीकडून मार खातो. तरी मी म्हणालेच, "अरे, तो दोघांचाही आहे!" कुणीही ऐकलं नाही. मी प्रिंट काढली आणि गोष्ट पुढे रेटली.

लोहार रडायला लागला तेव्हा माझ्या मुलीच्या मैत्रिणीने विचारलं, "त्याने सॉरी म्हटलं का?"

"नाही. तो दाराशी जाऊन बसला."

"किती दिवस?"

"पिल्लू मोठं होईपर्यंत."

"आमच्या पिल्लाला दोन वर्षं लागली," मघाशी 'चोर' म्हणून ओरडलेला मुलगा म्हणाला.

"आमच्या कुत्रीला एकच," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. मग वाद कुत्र्यांवर गेला आणि मी गोष्ट पुरी केली.

पण झेंड्याची बातमी घरोघरी पोचलीच. पलीकडच्या पालकांच्या तक्रारी आल्या. आठवडाभर मुलगी विचारत राहिली, "आई, माझा फ्रेंड येईल ना?" एरवी मी 'माझी मैत्रीण' असं सुधारलं असतं. त्या आठवड्यात माझं तिकडे लक्षच नव्हतं.

गुरुवारी पलीकडच्या शाळेची मिनीबस आली. एरवीच्या तेरा मुलांपैकी चारच उतरली. शेवटची उतरली ती माझ्या मुलीची मैत्रीण. नऊ मुलांचा तास माझ्यामुळे गेला होता, आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते.