आबांची काळी चार

पेटी वाजवणाऱ्याची पाठ कायमची दुखते, आणि पेटी वाजवणाऱ्या बाईची तर विचारूच नका. दिवसभर शाळेत चौथीच्या पोरांपुढे घसा कोरडा करायचा, घरी येऊन भाकरी थापायच्या आणि शनिवार-रविवार आबांच्या गायन पार्टीबरोबर टेम्पोत अंग आंबवत कुठल्यातरी वस्तीवर जायचं. आबा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पण देवळाली प्रवरेपासून राहुरीपर्यंत त्यांना कारखान्याचा माणूस म्हणून कोणी ओळखत नसे. गायक म्हणून ओळखत. जयंतीचे दिवस आले की आमच्या घराला उसंत नसायची. नव्वदच्या दशकातली ती वर्षं, मी अजून तिशीही गाठली नव्हती, आणि तरी मनात कायम एकच यायचं, की कोणीतरी मला एक आख्खा दिवस झोपू द्यावं.

आमच्याकडे दोन पार्ट्या समोरासमोर बसवायची पद्धत होती. आधी वंदना, मग पंचशील, मग माईकवरून पट्टी जाहीर करायची. गायकाचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर, ती त्याची पट्टी. आबांची काळी चार. बाप्या माणसाला ती भलतीच उंच. समोरचा गायक विचारायचा, "पट्टी कंची, पाव्हनं?" आणि आबा फेटा सावरून सांगायचे, "काळी चार!" की लोकांच्या शिट्ट्या सुरू. गाणं सुरू व्हायच्या आधीच आबांनी निम्मा सामना मारलेला असायचा. वर गावोगाव सांगत फिरायचे, "ज्या दिवशी पट्टी उतरंल, त्या दिवशी गानं बंद." आणि आबा बोलले म्हणजे बोलले. विडी सोडतो म्हणाले, तेव्हा खिशातलं बंडल चुलीत टाकलं आणि पुन्हा शिवले नाहीत.

त्या हिवाळ्यात श्रीगोंद्याकडच्या एका कार्यक्रमात वरच्या सुराला त्यांचा आवाज फाटला. माईक भंगार होता, म्हणाले. पुढच्या वेळी धुरळ्यावर ढकललं. त्याच्या पुढच्या वेळी टेम्पोत आमच्याकडे पाठ करून बसले. घरी आल्यावर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "गानं सुटलं तर ह्यो मानूस बसल्या जागी वाळंल बघ." मला ते तिनं सांगायची गरज नव्हती. कारखाना सुटल्यावर ते कसे ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे, ते मी पाहिलं होतं. गाण्यानंच त्यांना तिथून उठवलं होतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "आबा, अर्धा सूर खाली घेऊ. कोनाला कळतंय?"

"मला कळतंय," म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि गुपचूप करायची सोय नव्हती. पट्टी उतरवायची तर माझी बोटं काळीवरून पांढरीवर येणार, आणि समोरच्या पार्टीचा पेटीवाला माझ्या बोटांवर डोळा ठेवूनच बसलेला असायचा. त्याला दुसरं काम काय!

तेवढ्यात पार्टीतल्या पोरांनी टुमणं लावलं, की आता सिंथेसायझर पाहिजे, पेटीला लोक हसतात. मला त्या प्रकाराचं काडीचं कौतुक नव्हतं. भात्याशिवाय सूर म्हणजे श्वास न घेता बोलणं. पण एका लग्नात बँडवाल्याशी बोलताना कळलं, की त्या यंत्राला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं आहेत तिथेच राहतात आणि सगळे सूर खाली उतरतात. ते ऐकलं आणि मी घरी येऊन सांगितलं, सिंथेसायझर घ्यायचा, पैसे मी घालते. आबा माझ्याकडे बघत राहिले. "तुला कवापासून ह्याचा नाद लागला?" म्हणाले.

नगरच्या खेपा सुरू झाल्या. सुट्टीच्या दिवशी एसटीत उभं राहायचं, उन्हातनं दुकानं पालथी घालायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं. प्रत्येक दुकानदार आधी तयार गाण्याचं बटण दाबायचा. यंत्र आपलंआपण वाजायचं आणि तो आमच्याकडे असा बघायचा, जसं काही त्यानंच वाजवलं. मला बटणाचं विचारायचं असायचं, पण शेजारी आबा. त्यांच्यासमोर विचारणार कशी? मी उगाच पट्ट्या दाबत बसायची आणि डोकं धरून घरी यायची. पाय भरून यायचे. वाटायचं, मरो ते गाणं, मरो ती पट्टी, बापाचा आवाज काय मी धरून ठेवणार आहे?

शेवटच्या खेपेला दोन यंत्रांवर गोष्ट आली. एक चंदेरी, झकपक, त्यात ढोल-ताशा, पाऊस आणि कुत्र्याचं भुंकणंसुद्धा. आबा त्या कुत्र्यावर बेहद्द खूश. परत परत पट्टी दाबायचे आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघून हसायचे. दुसरं काळं, साधं, थोराड. मला वाटत होतं, बटण असलं तर ह्याच काळ्यात असणार. पण विचारायचं कसं?

तेवढ्यात आबाच म्हणाले, "मी जरा च्या घिऊन येतो. तू निवांत बघ. गडबड करू नगं."

स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी चहा घेतलेला होता. त्यांना पित्ताचा त्रास, दिवसाला एका कपाच्या वर सोसायचा नाही. पण मी कशाला अडवते? मी म्हटलं, नशीब उघडलं. ते पायऱ्या उतरले तशी मी दुकानदाराला गाठलं. काळ्यात ते बटण होतं. दाबलं की छोट्या काचेत लाल आकडा यायचा. अर्धा सूर खाली, एक. आणखी अर्धा खाली, दोन. चंदेरीत नव्हतं.

आबा परतल्यावर मी सांगितलं, काळा घेऊ.

"ह्यात कुत्रं भुंकत न्हाई," ते म्हणाले.

"नाही भुंकलं तर नाही भुंकलं! आपल्याला काय राखण करायचीय?"

"बरं बाई. तुला वाजवायचाय."

एवढ्यावर मिटलं. येताना एसटीत ते खोकं मांडीवर घेऊन बसले आणि राहुरी येईपर्यंत आंबट ढेकरा देत राहिले. मी चिडले, "कशाला दुसरा चहा ढोसलात? सोसत नाही माहितीय ना?" ते खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले.

घरी रियाज सुरू झाला. पहिले काही दिवस माझा डावा हात आपोआप भाता शोधायचा आणि हवेत हालायचा, पोरं खिदळायची. आकड्याच्या काचेवर मी काळी चिकटपट्टी लावली. कोणी विचारलं तर सांगायची, उजेड डोळ्यांवर येतो. ढोलकीवर माझा चुलतभाऊ. ढोलकी माझ्या सुराला लावायची म्हणजे त्याला कळणारच, म्हणून त्याला दम दिला, "अवाक्षर काढलंस तर याद राख." बोटं काळी चारवर, सूर तिच्या अलीकडच्या पांढरी पाचचा, म्हणजे अर्धा खाली. आबा गायचे आणि आवाज फाटायचा नाही. आई चुलीपुढून माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे.

एकदा गाण्याच्या मध्येच लाईट गेली. आली तेव्हा आकडा शून्यावर गेलेला, आणि माझ्या ते ध्यानातच आलं नाही. आबांनी वरचा सूर घेतला आणि आवाज चिरकला. त्यांनी त्या काळ्या यंत्राकडे बघितलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुन्यांदा." तोवर मी बटण दाबलं होतं. ह्या वेळी नीट गायले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. खोटं सांभाळायला फार दम लागतो हो. शाळा, भाकरी, पेटी आणि वर हे.

एप्रिलमध्ये राहुरीच्या पलीकडच्या एका वस्तीवर सामना ठरला. समोर आबांच्याच वयाचा गायक, जिभेचा फार तिखट. दिवस कलता कलता आम्ही स्टेजवर बसलो. वंदना झाली. पंचशील सुरू झालं तसे सगळे हात जोडून उभे राहिले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना मी आबांकडे बघितलं आणि मला एकदम उमगलं. आता ह्या शपथेनंतर हा माणूस माईकवर जाणार आणि सांगणार, काळी चार. म्हणजे मी माझ्या बापाच्या तोंडून खोटं वदवणार. इतके महिने बटणाचा, चिकटपट्टीचा, ढोलकीचा विचार केला होता, आणि लहानपणापासून पाठ असलेलं शील तेवढं विसरले होते.

"पट्टी कंची, पाव्हनं?" समोरून आवाज आला.

आबा माईककडे गेले नाहीत. माझ्याजवळ येऊन वाकले.

"ती पट्टी काढ," म्हणाले.

"कुठली?"

"चिकाटलेली. काढ म्हन्तो ना."

मी काढली. नख लागेना, ओरबाडूनच निघाली. काचेत लाल एक दिसत होता. आबांनी तो नीट बघितला.

"नगरात दुसरा च्या पिलो, तो काय तल्लफ आल्ती म्हनून?" ते हळूच म्हणाले. "लई वेळ तुझं तोंड बघत हुतो. तुला काय ते विचारायचं हुतं आन् माझ्याम्होरं विचारता येत नव्हतं."

मला राग आला, एवढे दिवस मला एकटीला राबू दिलं म्हणून. आणि रडू आलं.

"अजून येक उतरव," आबा म्हणाले. "कालधरनं घसा धरलाय."

मी बटण दाबलं. दोन. आबा माईककडे गेले, फेटा सावरला. लोक शिट्ट्यांच्या तयारीत होते.

"काळी तीन," आबा म्हणाले. "बाईची बोटं चारवर दिसतील. बोटं बगू नका. पट्टी तीनच हाय."

एकही शिट्टी आली नाही. आबा माईक धरून तसेच उभे होते. मग समोरच्या गायकानं आपल्या पेटीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकलं का रं? तीन," तो माईकवर म्हणाला. "मी बी कवाधरनं खाली यायला बगतोय. कुनीतरी आधी उतरावं म्हनून थांबलो हुतो."

लोक हसले. आबाही हसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हात मागे करून सूर मागितला, आणि मी तो दिला.