तिला एकही वाक्य नाही

बाबा अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. पुस्तकातली एक जुनी कथा शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. घरी पाहुणे जेवायला बसलेत, बायको वाढते आहे आणि नवरा तिचं कौतुक करतो आहे. वरणापासून ताकापर्यंत नुसतं कौतुक. शेवटी पान चघळत तो म्हणतो, "हिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही." संपली कथा.

"आता सांगा, या बाईला कथेत वाक्यं किती?" बाबा विचारायचे. सगळा वर्ग धडा उलटसुलट चाळायचा. एकही नाही! मग बाबा खडू खाली ठेवायचे. "लेखक नवऱ्याला वाईट म्हणत नाही. त्याला फक्त बोलू देतो. आणि नवरा खोटं बोलत नाही बरं का, त्याला मनापासून तसंच वाटतं. उपरोध आहे तो इथं." मी त्याच वर्गात बसायचे, माझ्या अंगावर काटा यायचा. मग आम्ही बापलेक घरी जायचो, आई दोघांची पानं वाढायची, आणि तिला आज भूक नाही हे बाबाच सांगायचे.

आमच्याकडे चिता पेटली की लोक लगेच पांगत नाहीत. स्मशानातच शोकसभा होते, चार जण गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, मौन होतं, मग घरी. निवृत्तीनंतर बाबांना या भाषणांसाठी पार वलगावपासून बोलावणी येऊ लागली. कुणाचंही मरण ते गोड करून सांगत.

गेल्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि आईला ते कळलं होतं. मी अकोल्याहून येऊन तिच्याजवळ राहिले. तिची थोरली बहीण बाळापूरला, अंथरुणाला खिळलेली, फोनवर काही ऐकू न येणारी.

"मले एक डाव अक्काले पाहून येऊ दे," आई म्हणाली. "बाकी काई नाई."

मी नेते म्हटलं. तरी तिनं बाबांना माझ्यासमोर विचारलं, "पोरगी नेतो म्हणते बाळापूरले. जाऊ काय?"

"पाहू," बाबा पेपरातून म्हणाले.

मी गाडी ठरवून टाकली. सकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर तयार बसली. कित्येक दिवसांनी तिनं स्वतः वेणी घातली होती. नेमके तेव्हाच बाबांचे दोन जुने सहकारी तब्येतीची चौकशी करायला आले.

"हिला कुठं जायची हौस?" बाबा त्यांना सांगू लागले. "हा आमच्या पोरीचा हट्ट. घर सोडून ही कधी राहिलीच नाही."

"बाबा, तिनंच म्हटलं," मी म्हणाले.

बाबा हसले. "काहून वं, खरंच जायाचं हाय काय तुले? एवढ्या उन्हात?"

आईनं पाहुण्यांकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला.

"पाहा," बाबा म्हणाले, आणि बाहेर जाऊन गाडी परत पाठवून आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांदेखत मी भांडायला उठले, तर आईनं हात धरला. "जाऊ दे वं माय. लोकायसमोर नोको." बरं वाटलं की नेऊ, असं बाबांनी संध्याकाळी सांगितलं. तिला बरं वाटलंच नाही. ती गेली तेव्हा पिशवी तशीच भरलेली खुंटीला होती.

अग्नी मी दिला. मुलीनंच द्यावा हा आग्रह बाबांचा, आणि तोही त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितला. मग शोकसभेला ते स्वतः उभे राहिले. तिचं रांधणं, तिची सोशिकता, तिचं हसू. आवाज भरून आला होता आणि त्यात काडीचंही नाटक नव्हतं. "हिनं," ते शेवटी म्हणाले, "माझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

समोर माझा एक वर्गमित्र उभा होता. तोही आता मराठीच शिकवतो. त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं नजर जमिनीवर नेली. बाकीचे डोळे पुसत होते.

"आखीन कोनाले बोलाचं हाय काय?" सभा चालवणाऱ्यानं रीतीप्रमाणे विचारलं.

मी पुढे झाले. "आईनं मागितलं होतं. तिला बाळापूरला बहिणीकडे जायचं होतं. तिनं बाबांना..."

बाबा लगबगीनं जवळ आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे वाहत होते.

"पोरगी खचली आहे," ते लोकांना म्हणाले. "आईवर फार जीव होता हिचा. हिला आता काही बोलायचं नाही. आपण मौन पाळू या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाबांचा हात माझ्या डोक्यावर तसाच होता.