खालचा ओटा

माझी खुर्ची खाली ठेवली होती.

टेप घेऊन मी मागची भिंत मोजायला गेले होते. परत आले तर साहेबांची खुर्ची वर व्हरांड्यात, प्रधानाशेजारी, म्हणजे इथल्या सरपंचाशेजारी, होती तशीच. माझी तेवढी उचलून खालच्या ओट्यावर. भर उन्हात. चहाही तिथेच आला. त्यांना कपबशी, मला कागदी पेला.

लखनौजवळ, बख्शी का तालाबच्या पुढचं लहानसं गाव. लखौरी, म्हणजे लहान पातळ विटांचं जुनं पंचायतघर. त्याच्या दुरुस्तीचं काम आमच्या ऑफिसकडे आलेलं. वर छपराचा व्हरांडा, खाली उघडा ओटा. पंचायत बसली की दक्खिन टोल्यातली, गावाच्या दक्षिणेच्या दलितवस्तीतली, म्हणजे आपली माणसं, ह्या ओट्यावर उभी राहून ऐकतात. वर चढत नाहीत. आजसुद्धा.

लखनौत माझं आडनाव कुणाला कळत नाही. 'महाराष्ट्र से हैं?' विचारतात आणि सोडून देतात. इथे आल्यापासून मी सुखात होते. मग प्रधानाला कुणी सांगितलं? भिंतीआडून मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याने विचारलं, मैडम किस बिरादरी की हैं. आणि आमच्या साहेबांनी, साताऱ्याच्या, माझ्या डब्यातलं पिठलं मिटक्या मारत खाणाऱ्या साहेबांनी, माझी जात त्याला हिंदीत नीट समजावून दिली.

मी खुर्चीत बसले नाही. साहेब खाली आले. प्रधानाला कळू नये म्हणून मराठीत बोलले.

"मनावर घेऊ नकोस गं, गावचा रिवाज आहे. आणि हा ओटा पण ड्रॉइंगमध्ये घे. पार खचलाय, नवा बांधून द्यायचाय."

"कशाला?"

"हेरिटेज आहे. होतं तसंच ठेवायचं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच टोल्यात गेले. रामकली म्हणून म्हातारी भेटली, जन्मभर त्या ओट्यावर उभी राहिलेली. तिला म्हटलं, ओटा काढून टाकते, तुमच्या बाजूने थेट व्हरांड्यात पायऱ्या काढते. तिने माझा हात धरला.

"बिटिया, तुम तो चली जाओगी। मार हम खाएँगे।"

लखनौला, आलमबागेतल्या खोलीवर आले आणि दार लावून रडले. इतकं शिकून, इतक्या लांब येऊन, मी कुणाच्याच कामाची नाही असं वाटलं. अजूनही वाटतं.

तरी ड्रॉइंगमध्ये ओटा घेतला नाही. पायऱ्या घेतल्या. साहेब म्हणाले, काम दुसऱ्याला देतो, आणि तुझी बदलीही करतो. करतील. त्यांच्या हातात आहे ते.

पण मी जाणार नाही. नोकरी गेली तरी. पुढच्या पंचायतीला मी त्या व्हरांड्यात चढणार आहे. रामकलीला चल म्हणणार नाही, तो हक्क मला नाही. एकटी चढेन. मधोमध बसेन. पहिला मार मी खाईन.