चाचांच्या फळीवरची लग्नं

१९७४ सालच्या एप्रिलची चार तारीख. रक्कम अडतीस रुपये, शंभर पत्रिकांची, कागद धरून. हजर माझे वडील, धाकटी बहीण शालन, मी आणि पौडच्या छापखान्याचे मालक, ज्यांना सारा मुळशी तालुका नुसतं चाचा म्हणे. माझ्या वहीत एवढंच आहे. वहीत नाही ते असं, की तालुक्यात लग्न लावायला भटजी लागत, पण ते लागलं हे ठरवण्याचा अधिकार एकट्या चाचांकडे होता.

छापखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. पायाने चालवायचं जुनं ट्रेडल त्यांनी पुण्याहून बैलगाडीत घालून आणलं. वाटेत चाक रुतलं तेव्हा दोन दिवस यंत्राशेजारीच झोपले. सांगताना चाचांकडून त्या दोनाचे कधी चार होत, कधी पाच. मी दर वेळी दुरुस्ती करी आणि ते दर वेळी मान्य करत. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून उलट्या ओळी जुळवण्यात जन्म गेल्याने त्यांना सरळपेक्षा उलटं वाचणं सोपं जाई. हॉटेलात टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र ते समोरच्या बाकावरून, त्याच्या मालकाच्या आधी वाचून संपवत आणि म्हणत, "पान उलटा की. किती येळ लावताय." दुपारी छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास भरून राहिलेला असे, कौलातून उन्हाची एक पट्टी खिळ्यांवर पडे, आणि चाचा त्या पट्टीबरोबर स्टूल सरकवत सरकवत संध्याकाळपर्यंत दाराशी पोचत.

पत्रिका छापून झाली की कुठलाही छापखाना खिळे मोकळे करून पुढच्या कामाला घेतो. चाचा घेत नसत. लग्न लागल्याची खबर येईपर्यंत जुळवलेला मजकूर दोऱ्याने घट्ट बांधून फळीवर ठेवायचा, हा त्यांचा नेम. त्यांच्या अब्बांनी एकदा घाईने खिळे सोडले आणि नांद्याच्या वेशीवरून वऱ्हाड माघारी गेलं, तेव्हापासूनचा. त्यामुळे चैत्र-वैशाखात फळी भरून जाई आणि हाताशी खिळे उरत नसत. एकदा हेडमास्तर वार्षिक परीक्षेचे पेपर छापायला आले, तर चाचा म्हणाले, "गुरुजी, ताम्हिणीचं लगीन तेवढं लागू द्या. समदे खिळे तितं अडकल्यात." ताम्हिणीहून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर खिडकीतून खबर देई. त्या वर्षी परीक्षा दोन दिवस पुढे गेली.

शालनचं लग्न आठ दिवसांवर असताना मोडलं. मुलाकडून निरोप आला, कारण आलं नाही. पत्रिका गावोगाव पोचल्या होत्या. शालन घराबाहेर पडेनाशी झाली. मी छापखान्यात जाऊन म्हटलं, "चाचा, खिळे मोकळे करा."

"लगीन लागलं?"

"मोडलं."

"मग कसे सोडू? आमचा नेम लागंपर्यंतचा हाय."

तीन किलो शिसं विनाकारण अडकेल, असं मी समजावलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणून ते यंत्राला तेल घालू लागले.

दोन वर्षं गेली. स्थळ आलं की शालन न बघताच नाही म्हणे. मग कुणीतरी तिला सांगितलं की तुझी पत्रिका अजून फळीवर आहे. ती तडक छापखान्यात गेली. मी मागोमाग.

"चाचा, माझं नाव उतरवा तितनं. लोक हसत्यात."

"कोण हसतंय? उलटं वाचता तरी येतंय का कुणाला?" चाचांनी मजकूर खाली घेतला आणि धूळ फुंकली. "हे बघ पोरी. तुझं नाव, बापाचं नाव, समदं जितल्या तितं हाय. नवऱ्याची अन् तारखेची, दोनच वळी चुकल्या. दोन वळींपायी कुणी आख्खं पान मोडतं व्हय?"

शालनने आपल्या नावावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. मग हसली. "उरवड्याचं एक स्थळ आलंय, चाचा."

"नाव सांग, जुळवून ठिवतो."

"अजून बघितलं न्हाई मी त्याला."

"मग बघून ये. मी हितंच हाय."

१९७६ च्या मे महिन्यात लग्न लागलं. चाचा मांडवात मागे उभे होते. अक्षता त्यांनी टाकल्या, हार पडताना त्यांनी पाहिले. तरी माझ्याजवळ येऊन विचारलं, "लागलं?" खबर दुसऱ्याने द्यायची असा नेम होता.

"लागलं, चाचा," मी म्हणालो. ते जेवायलाही थांबले नाहीत; खिळे सोडायचे होते.

पुढे पुण्याहून ऑफसेटच्या रंगीत पत्रिका येऊ लागल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चाचांनी छापखाना बंद केला. भंगारवाला काटा घेऊन आला त्या दिवशी वजनं बघायला त्यांनी मला बोलावलं. खिळ्यांना हात लावू देण्याआधी ते स्टुलावर चढले आणि रिकाम्या फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत राहिले. उन्हाची पट्टी दाराकडे सरकली.

"एक बी न्हाई ऱ्हायलं," ते खाली उतरून म्हणाले. "समद्यांची लागली. घाल आता काट्यावर."

शालनच्या दुसऱ्या पत्रिकेचे त्यांनी कागदाचे बारा रुपये आणि दोन ओळींच्या जुळणीचे आठ आणे घेतले होते. दोन वर्षं अडकलेल्या शिशाचं काही नाही. भंगारवाल्याने एकशे साठ किलोचे, नऊच्या दराने, एक हजार चारशे चाळीस रुपये दिले. मी ते दोनदा मोजले आणि चाचांच्या हातात ठेवले.