डोंग्यातला हुकूम

माझ्या बापानं ब्रह्मदेशात एका इंग्रज जनरलला बूट काढायला लावले आणि मुकाट खाली बसवलं, हे आमच्या गावात कुणी मानत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही मानत नव्हतो.

बाबा ढिवर. पोंभुर्ण्याच्या पलीकडं वैनगंगेच्या काठी आमचं गाव. तळ्यात जाळं टाकायचं, नदीवर डोंगा चालवायचा, धानाच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत राबायचं, असं आमचं चालायचं. लढाईच्या काळात लष्कराला नावाडी हवे होते म्हणून बाबा भरती झाले, आणि परत आले ते ही गोष्ट घेऊन. पूर आलेल्या नदीवर एक बडा साहेब डोंग्यात दुर्बीण लावून ताठ उभा राहिला. बाबांनी त्याला सगळ्या अंमलदारांदेखत खाली उतरवलं, बूट काढून नाडीनं गळ्यात अडकवायला लावले, नदीचं पाणी कपाळाला लावायला लावलं आणि मगच डोंग्यात बसू दिलं. आमच्यात ती रीतच आहे. पाटील असो की व्याही, डोंग्यात पाय ठेवला की ढिवर सांगेल तसं वागायचं. बुटात पाणी भरलं की माणूस तळ गाठतो, आणि उभा राहणारा स्वतः बुडतो तो बुडतो, बाकीच्यांनाही घेऊन जातो.

गावाला हे आयतंच सापडलं; बाबांचं नाव लाटसाहेब पडलं. बाबा दिसले की कुणीतरी हाक मारायचं, "काऊन गा लाटभाऊ, आज कोन्या साहेबाले बसवून राह्यला?" बाबा हसायचे नाहीत की चिडायचे नाहीत. "मानाचं तर माना, नाही तर नका मानू," एवढंच म्हणायचे. चिडायचो मी. मॅट्रिक होऊन मास्तर झालो होतो आणि शाळेतली पोरं पाठीमागं मला 'लाटाचा पोरगा' म्हणायची. एकदा मी बाबांना तोंडावर म्हटलं, "बाबा, पुरे करा आता ती थाप." ते जाळं विणत होते, विणतच राहिले. 'थाप' हा शब्द मी बापाला वापरला याची लाज मला अजून वाटते.

स्वराज्याला सात-आठ वर्षं झाली असतील. एका हिवाळ्यात निवृत्त झालेला एक इंग्रज जनरल वाघाच्या शिकारीसाठी आमच्या जंगलात आला. साहेब लोक गेले होते खरे, पण गोरा माणूस दिसला की आमच्या रेंजरसाहेबांची कंबर अजून आपोआप वाकायची. मचाण नदीपलीकडं होतं. नेण्या-आणण्याला बाबांचा डोंगा ठरला आणि दुभाषा म्हणून माझी वर्णी लागली, कारण इतकी वर्षं पूर्वेकडं काढूनही साहेबाची हिंदी 'इधर आव' आणि 'जल्दी करो'च्या पुढं सरकली नव्हती.

सकाळी नदीवर धुकं होतं. ते विरेपर्यंत थांबणं भाग होतं. गोरा साहेब पाहायला अर्धं गाव काठावर जमलं. बाबांनी त्याच्याकडं एकदाच पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "हाच तो."

मी त्यांना बाजूला ओढलं. "बाबा, हात जोडतो, इथं काही बोलू नका."

"मी काऊन बोलू? त्याले आठवन तर तो बोलन."

साहेबाला काही आठवलेलं दिसत नव्हतं. बाबा आता पार वाळले होते, दाढी पांढरी झाली होती. साहेब खुर्चीत बसून आपली कारकीर्द सांगत होता आणि मी मराठीत सांगत होतो. एकोणिसाव्या वर्षी सरहद्दीवर लेफ्टनंट, पहिल्या महायुद्धात मांडीत गोळी, मग आफ्रिका, मग ब्रह्मदेशात जनरल, शेवटी अख्ख्या सैन्याचा सेनापती आणि 'सर' ही पदवी. हाताखाली लाखभर माणसं होती म्हटल्यावर बायांनी तोंडावर पदर धरले.

बाबांना सगळ्यात जास्त छळणारा एक म्हातारा पुढं सरकला. "विचार ना मास्तर, याच्यावर हुकूम कोनाचा चाले?"

मी विचारलं. साहेब हसला. "राजाचा," म्हणाला. मग धुकं विरलेलं पाहून वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. रेंजरसाहेब "राहू द्या, राहू द्या" करत धावले. त्यानं ऐकलं नाही. दोन्ही नाड्यांची गाठ मारून बूट गळ्यात अडकवले. काठावरची माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

"राजाशिवाय आणखी एकाचा हुकूम मी ऐकला," तो म्हणाला. "ब्रह्मदेशातल्या एका नावाड्याचा. त्यानं सगळ्यांसमोर मला बूट काढून बसायला लावलं. मागच्या डोंग्यात माझा एक अधिकारी बूट घालून उभा होता. तो डोंगा उलटला. तो अधिकारी वर आला नाही. पुढं मी जे काही झालो ते त्या नावाड्यामुळं. आणि मी त्याला नावसुद्धा विचारलं नाही."

मागच्या डोंग्याची गोष्ट बाबांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती.

शब्द सोपे होते, पण मराठीत आणताना मी अडखळलो. कसंबसं सांगून टाकलं. आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मी तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, पार खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायांपर्यंत पोचेल असं. आनंदानं माझी छाती फुटायची बाकी होती. सगळ्यांच्या माना बाबांकडं वळल्या. छळणाऱ्या म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"हे सगळे त्या माणसाकडं का पाहतायत?" साहेबानं विचारलं.

"साहेब, तो नावाडी हाच," मी म्हणालो. "माझे वडील."

साहेब बाबांकडं बघत राहिला. मग पाण्यात उतरला, ओंजळीतलं पाणी कपाळाला लावलं, डोंग्यात चढला आणि सलाम ठोकायला ताठ उभा राहिला. डोंगा कलला.

"बस खाली!" बाबा ओरडले.

लाखभर माणसांचा सेनापती मटकन खाली बसला. काठावर अशी आरोळी उठली की पलीकडच्या झाडांवरचे बगळे उडाले. साहेबानं बसल्या बसल्याच सलाम केला. बाबांनी मान हलवली आणि बांबू पाण्यात रोवला.

त्याला पलीकडं सोडून आम्ही दोघेच परत येत होतो. "बाबा, माझं चुकलं," मी म्हणालो. "साहेब बोलला म्हणून आज तुमचं खरं ठरलं."

बाबांनी बांबू रेटून डोंगा आमच्या काठाकडं वळवला.

"साहेबाचं जाऊ दे," ते म्हणाले. "तू दोनदा सांगतलं. पहिल्यांदा साहेबाचं सांगतलं. दुसऱ्यांदा माह्यं सांगतलं."